ट्रक मागे घेताना
डिझेलचा वास आला की जगतपुऱ्याचं ते मोकळं मैदान आठवतं. ट्रकच्या लायसन्सच्या टेस्टमध्ये मी रिव्हर्सला नापास झाले होते, म्हणून तिथे पुन्हा सराव करत होते. बाबांना हे पसंत नव्हतं. महिनाभर ते माझ्याशी बोललेही नव्हते. त्या सकाळी आरशात मागे कोणी दिसलं नाही म्हणून मी ट्रक मागे घेतला, तेवढ्यात शिकवणारे भैयाजी ओरडले, "रोको, रोको." ब्रेक दाबून खाली उतरले, तर चाकापासून वीतभर अंतरावर बाबा; ते मैदानावर कधी आले, मला कळलंच नव्हतं. आधीच्या फेरीत माझ्या ट्रकच्या धक्क्याने पडलेला खुणेचा बांबू ते वाकून उभा करत होते. "थांबलीस ना? मग होशील पास," ते म्हणाले. मी पास झाले. आजही ट्रक मागे घेण्याआधी उतरून एकदा बघून येते.