डुक्करआजोबांची बंदूक

डुक्कर समोर आलं की आमचे डुक्करआजोबा आधी घड्याळ बघायचे. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर गोळी झाडायची नाही, असा जपानचा कायदा. डोंगरात सूर्य कधी उगवला हे आपल्या डोळ्यांनी ठरवायची मुभा नाही, म्हणून वर्तमानपत्रातलं सूर्योदयाच्या वेळांचं कात्रण त्यांनी टोपीच्या आत पिनेने अडकवलेलं असायचं. आधी घड्याळ, मग टोपी, मग पुन्हा घड्याळ. तोवर डुक्कर बहुतेक वेळा निघून गेलेलं असायचं. "तीन मिनिटं राहिली होती," असं म्हणून ते बंदूक खाली करायचे. शिकारी म्हटल्यावर जे पिळदार मिशांचं चित्र माझ्या डोक्यात होतं, ते पहिल्याच सकाळी निकालात निघालं.

मी पुण्याची. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नव्हतं. जपानमध्ये पोस्टडॉक मिळाली ती मात्र रानडुकराच्या मांसातलं किरणोत्सारी सीझियम मोजण्याची. मोठ्या भूकंपानंतर किनाऱ्यावरच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाला, वाऱ्यापावसाबरोबर जे यायचं ते फुकुशिमाच्या डोंगरांवर येऊन पडलं, आणि डुकरं तीच माती उकरून कंदमुळं खात होती. नवरा आणि मुलगी टोकियोत निशी-कसाईला, नवऱ्याच्या कंपनीजवळ. मी आठवडाभर डोंगरात आणि शनिवारी-रविवारी घरी. मला नमुने पुरवणाऱ्या या पंचाहत्तरीच्या शिकाऱ्याला माझ्या मुलीने जपानीत 'इनोशिशी-जीजी' असं नाव ठेवलं. इनोशिशी म्हणजे रानडुक्कर, जीजी म्हणजे आजोबा. आम्ही घरात मराठीत त्यांना डुक्करआजोबा म्हणू लागलो. त्यांना हे सांगितल्यावर ते इतके खूश झाले की फोनवरसुद्धा स्वतःचं तेच नाव सांगायला लागले.

बंदुकीला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. घरात भिंतीला स्क्रूने पक्कं बसवलेलं पोलादी कपाट होतं. त्याची किल्ली कुठे असते हे परवानाधारकाशिवाय कुणालाही ठाऊक असता कामा नये, असा नियम. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या आजींना ती किल्ली कधी दिसली नव्हती. दुसऱ्या माणसाने बंदूक नुसती हातात धरली तरी तो गुन्हा. एकदा त्यांच्या छोट्या ट्रकमध्ये बसताना मी बंदुकीची पिशवी जरा बाजूला सरकवायला गेले, तर माझ्यावर असे खेकसले की मी दिवसभर त्यांच्यापासून चार हात लांबच राहिले. संध्याकाळी आजींच्या हाताने मुळ्याचं लोणचं पाठवलं. ती त्यांची माफी होती, हे आजींनीच मला समजावून सांगितलं.

खेकसायचं खरं कारण दुसरंच होतं, परवाना जाण्याची धास्ती. अपघातानंतर माणसं गाव सोडून गेली आणि डुकरं गावात आली. सरकारने शिकाऱ्यांना सांगितलं, मारा. आणि त्याच वेळी वन्यजीव खात्यात शहरातून एक तरुण अधिकारी बदलून आला. अतिशय नम्र, चष्मा लावलेला, हातात कायम एक फळी आणि त्यावर फॉर्म. मारलेल्या डुकराच्या पोटावर रंगाने तारीख लिहायची, फोटो काढायचा, फोटोत डोकं उजवीकडे हवं. एकदा आजोबांनी पाठवलेल्या फोटोत डोकं डावीकडे आलं होतं. अधिकारी स्वतः गाडी चालवत आला, दोनदा कमरेत वाकला आणि फोटो पुन्हा काढायला सांगितला. डुक्कर तोवर पुरलं होतं. आजोबांनी ते उकरलं, मी आणि त्यांनी मिळून उलटं केलं, फोटो काढला आणि पुन्हा पुरलं. मी मराठीत त्या अधिकाऱ्याचा यथेच्छ उद्धार करत होते. आजोबांना शब्द कळले नाहीत, पण मान डोलावत होते.

गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा मागे राहिली तर जाब द्यावा लागे. बर्फात पडलेल्या एका पुंगळीसाठी त्यांना दोन तास गुडघ्यांवर रांगताना मी पाहिलं आहे. त्यांच्याबरोबरचे बाकीचे शिकारी याच कटकटीला कंटाळून एकेक करत परवाने परत करून मोकळे झाले. उरले हे एकटे. "मारा म्हणून सांगणारे तेच आणि मारलं की चौकशीला येणारेही तेच," ते म्हणायचे. मग सोडून का देत नाही, असं मी विचारलं होतं. त्यांनी खाली दरीतल्या सहा घरांकडे बोट दाखवलं. तिथे परत राहायला आलेली म्हातारी माणसं होती, त्यांची रताळी होती, भाताची चार खाचरं होती. आजोबांची बंदूक होती तोवर ते गाव टिकून होतं, इतकं सरळ होतं ते.

एका वर्षी नोव्हेंबरात नवऱ्याला सुट्टी होती, म्हणून तो हौसेने आमच्याबरोबर आला. ओढा ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सटकला आणि घोटा असा पिरगळला की मला उभंही राहता येईना. मी कमरेपर्यंत भिजले, पाणी बर्फासारखं होतं आणि फोनला रेंज नव्हती. नवऱ्याची पाठ आधीच कामातून गेलेली, तो मला उचलणं शक्य नव्हतं. आजोबांनी बंदुकीतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि मला पाठंगुळी घेतलं. बंदूक गळ्यात अडकवून पाहिली, पण चढावर दोन्ही हातांनी मुळं धरल्याशिवाय पाऊल पडेना आणि नळी मधे येऊन अडायची. ते थांबले. बराच वेळ थांबले. मग पट्टा काढून माझ्या खांद्यावर चढवला, म्हणजे निदान बंदूक त्यांच्या अंगापासून दूर जाणार नव्हती, आणि म्हणाले, "सेन्सेई, घट्ट धरा. पडू देऊ नका." सेन्सेई म्हणजे गुरुजी; मी साधी पोस्टडॉक, पण ते मला सेन्सेईच म्हणायचे.

वर ट्रकपाशी पोचल्यावर त्यांच्या पाठीवरच दुखण्यातसुद्धा मला हसू फुटलं, आणि मला हसताना ऐकून तेही हसले. नवऱ्याने नेमका तेव्हा फोटो काढला. आपण मराठी माणसं कुठेही गेलो तरी फोटो काढल्याशिवाय परत येत नाही.

पुढची चूक पूर्णपणे माझी. वसंतात गावकऱ्यांसमोर आमच्या मोजमापांचं सादरीकरण होतं. शेवटी आभाराची स्लाइड असते. कुणी आपल्यासाठी काही केलं तर चारचौघांत त्याचं कौतुक केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, तशी मला पडली नाही. मी तो फोटो पडदाभर लावला आणि यांनी मला पाठीवरून वर आणलं, असं अभिमानाने सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा टाळ्या वाजवत नव्हते. ते पहिल्या रांगेतल्या त्या अधिकाऱ्याकडे बघत होते. टाळ्या थांबल्यावर अधिकारी उभा राहिला, वाकला आणि त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "फोटोतली बंदूक कोणाच्या खांद्यावर आहे?"

पोलिसांपुढे मी जीव तोडून सांगितलं, गोळ्या काढलेल्या होत्या, पाणी गार होतं, घोटा सुजला होता. त्यांनी सगळं लिहून घेतलं. परदेशी आहे, नियम माहीत नसणार, असं धरून मला माफीनामा लिहायला लावून सोडून दिलं. आजोबांना नियम माहीत होता. त्यांनी एका शब्दानेही नाकारलं नाही. त्यांचा परवाना रद्द झाला, बंदूक गेली. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, मग तुम्ही त्या दिवशी करायला काय हवं होतं?

"तुम्हाला तिथेच ठेवून बंदूक घरी नेऊन कुलपात घालायची, आणि मग परत यायचं."

"दीड तास? ओल्या कपड्यांत, त्या थंडीत?"

"ते कायद्यात विचारलेलं नाही," ते म्हणाले. माझ्यावर ते एकदाही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

त्याच शरदात डुकरांनी खाचरं लोळून लोळून सपाट केली. आजोबा पातेलं आणि पळी घेऊन बांधावर उभे राहायचे. डुकरं थोडा वेळ बघायची आणि पुन्हा खायला लागायची. खात्यात फोन केला की शेजारच्या गावातून शिकारी पाठवतो म्हणत, आणि तो तिसऱ्या दिवशी यायचा. अधिकाऱ्याने मात्र डुकरांना कसं घाबरवावं याची रंगीत पत्रकं घरोघर स्वतः नेऊन दिली. तो वाईट माणूस नव्हता, हे मला आज कळतं, पण त्याने माझा राग कमी होत नाही. दोन वर्षांत सहा घरांतली माणसं एकामागून एक निघून गेली. शेवटी आजोबा-आजीही नागोयाला मुलाकडे, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले. मी भेटायला गेले तेव्हा ते बाल्कनीत बसून होते. खाली वाहनतळ होता. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, चहा संपवला आणि आत जाऊन झोपले.

पुढच्या हिवाळ्यात आजींचा फोन आला. ते गेले होते. अंत्यविधीला मांडायला हसरा फोटो लागतो, तसा घरात एकही नव्हता. सगळे एकतर परवान्यासाठी काढलेले नाहीतर मेलेल्या डुकराशेजारचे, आणि त्यात कोण हसणार. माझ्याकडचा तो फोटो मिळेल का, असं आजींनी फार संकोचून विचारलं. मी तो त्याच रात्री पाठवला.

नागोयाच्या त्या लहान सभागृहात पांढऱ्या शेवंतीच्या फुलांमध्ये आजोबांचा चेहरा होता, तोंडभर हसणारा. छायाचित्रवाल्याने मला कापून टाकलं होतं, बंदूकही कापली होती. फक्त त्यांच्या खांद्यावर माझी चार बोटं राहून गेली होती. आजी म्हणाल्या, तीही पुसून देतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. मी उदबत्ती लावली, हात जोडले आणि मराठीतच त्यांची माफी मागितली. माफ करणारा समोर हसत होता, आणि त्या माफीचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता.