पुणे ते रत्नागिरी, मांडीवर मॉनिटर

गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं, "पुण्याहून रत्नागिरीला दिवसाच्या एसटीने जावं का?" जावं. जरूर जावं. फक्त मांडीवर मॉनिटर घेऊन जाऊ नये. मी गेलो आहे.

गोष्ट २००३ सालची. मी पुण्यात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझे अब्बा, इब्राहिम होडेकर, रत्नागिरीत कचेरीबाहेर निळ्या प्लॅस्टिकच्या छपराखाली मराठी टाइपरायटर घेऊन बसत. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, आंब्याच्या बागांचे करार, सगळं त्यांच्या बोटांखालून जाई. तीस वर्षं तीच भाषा टाइप केल्यामुळे ते बोलतही तसेच. अम्मीला "मीठ कमी पडलंय" असं कधी म्हणाले नाहीत. "कालवणातील मिठाबाबत फेरविचार व्हावा," असं म्हणत.

त्या वर्षी समोरच्या गाळ्यात एका मॅडमनी कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान टाकलं आणि अब्बांपुढची रांग रस्ता ओलांडून तिकडे गेली. फोनवर अब्बा एवढंच म्हणाले, "काम कमी आहे. तुझ्या शिक्षणावर त्याचा परिणाम होणार नाही." या दुसऱ्या वाक्याने माझी झोप उडवली.

मी शिकवण्या घेऊन थोडे पैसे साठवले होते. हॉस्टेलमधला एक सीनियर नोकरीला लागून चालला होता. त्याचा चार वर्षं वापरलेला कॉम्प्युटर मी घेतला. अब्बांना कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी लेखी हरकत घेतली असती.

शनिवारी सकाळी सव्वासहाला स्वारगेट. सीपीयू गोधडीत गुंडाळून सीटखाली, कीबोर्ड पाठीवरच्या पिशवीत आणि मॉनिटर शेजारच्या रिकाम्या सीटवर. कंडक्टर कराडकडचे होते, आवाजाने खणखणीत.

"ह्ये कुनाचं?"

"माझं सामान आहे."

"सामान टपावर."

"फुटेल हो!"

"मग तिकीट काढा. किती वर्षांचं हाय?"

"चार," मी खरं ते सांगून टाकलं.

"पाचाच्या आतलं मांडीवर फुकट. सीटवर बसलं तर अर्धं तिकीट." एवढं बोलून ते पुढे गेले. ते चेष्टा करत होते की नियम सांगत होते, मला आजही माहीत नाही. मी मॉनिटर मांडीवर घेतला. जुने मॉनिटर ज्यांनी उचललेत त्यांना वजन सांगायला नको. साताऱ्यापर्यंत उजवा पाय गेला, कराडपर्यंत डावा.

मॉनिटर उठला आणि त्या सीटवर एक आजी येऊन बसल्या. पुण्यात लेकाकडे राहून सावर्ड्याला घरी चालल्या होत्या. बराच वेळ त्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघत राहिल्या.

"टीवी हाय काय ता?"

"नाही आजी. कॉम्प्युटरचा मॉनिटर."

"यात मॅच दिसत नाय?"

त्या दिवशी भारताची मॅच होती आणि अर्धी गाडी मागच्या सीटवरच्या एका काकांच्या खिशातल्या रेडिओवर जगत होती. पाटण सोडलं तसा रेडिओ खरखरायला लागला. कोयनानगरला गरम वडे मिळाले (गाडी थांबली तर सोडू नका), पण स्कोअर मिळाला नाही. कुंभार्ली घाटात रेडिओ पार गप्प झाला. खाली कोकण हिरवंगार पसरलेलं, धुकं दरीतून वर येत होतं, जन्मात एकदा तरी बघावा असा घाट. गाडीत मात्र सुतक पडल्यासारखं झालं होतं. मी वळणावळणाला मॉनिटरला कवटाळत होतो. आजी माझ्या खांद्याला धरून होत्या, मधेच म्हणाल्या, "पोराला नीट धर रे बाबू."

चिपळूणला जेवणाची अर्धा तास सुट्टी. हॉटेलात शिरलो तर टीव्ही दुरुस्तीला गेलेला. ड्रायव्हरसकट सगळे हळहळले. तेवढ्यात आजी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्याच्याजवळ हाय."

मी समजावलं की हा टीव्ही नाही, याला इंटरनेट लागतं.

"ते कुठं मिळतं?" कंडक्टरांनी विचारलं.

"फोनच्या तारेतून येतं."

"मग फोन हाय की!" त्यांनी गल्ल्याकडे हात केला. मालकांनीही फोनवरचा विणलेला रुमाल काढून ठेवला.

इथे मला नकार देता आला असता, पण माझ्या खिशात इंटरनेटचं कार्ड होतं, त्यावर काही तास शिल्लक होते, आणि चाळीस माणसं माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तशी बघत होती. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात असं कोणी बघितलं नव्हतं. मी गाडीतून सामान आणलं आणि गोधडी सोडली.

गल्ल्यावरच्या बडीशेपेच्या वाट्या बाजूला सरकवून कॉम्प्युटर मांडला. विंडोज सुरू झाल्याचा सूर वाजला तेव्हा टाळ्या पडल्या. मग मोडेमने नंबर फिरवला आणि ते सुप्रसिद्ध किंचाळणं सुरू झालं. आजींनी कानावर पदर घेतला. पान उघडायला लागलं, वरून खाली, एकेक ओळ, जणू कोणी पडदा इंचाइंचाने ओढतंय. आधी साबणाची जाहिरात आली. मग बातम्यांचं शीर्षक. मग "भारत" हा शब्द. गर्दीने श्वास रोखला.

आणि सगळं थांबलं. माडीवर मालकीणबाईंनी दुसरा फोन उचलला होता. वरून आवाज आला, "अहो, फोनमध्ये कोण शिट्ट्या मारतंय?"

पुन्हा जोडणार तोच रेडिओवाले काका बाहेरून आत आले. उघड्यावर त्यांचा रेडिओ परत बोलू लागला होता. स्कोअर त्यांनीच सांगितला. गर्दी क्षणात त्यांच्याकडे गेली. मी मागे उरलो, तारा हातात घेऊन. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. घाईघाईत सीपीयू गोधडीत कोंबला आणि पळालो. माझं ताट तसंच राहिलं.

सावर्ड्याला आजी उतरल्या. खाली उतरून खिडकीतून म्हणाल्या, "दमलास रे. बापाला सांग, आता तू सांभाळ." पुढचा रस्ता तेव्हा इतका उखडलेला होता की संगमेश्वर ते हातखंबा सीटखालचा सीपीयू माझ्या टाचांवर ढुशा देत होता. रत्नागिरी स्टँडवर चार वाजता उतरलो आणि रिक्षा करून घर गाठलं.

अब्बा संध्याकाळी आले. टेबलावरचं धूड त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं.

"हे काय आहे?"

"कॉम्प्युटर. तुमच्यासाठी."

"सदर वस्तूची मागणी मी केलेली नाही."

"अब्बा, एकदा बघा तर!" मी बटण दाबलं. पडदा काळा. आतून लांब बीप, बीप, बीप. बंद करून पुन्हा लावला. तेच. अम्मी म्हणाली, "दमलं असेल लांबून येऊन." सहा महिन्यांच्या शिकवण्या मी चिपळूणच्या गल्ल्यावर उधळून आलो होतो. शेवटी अब्बांना सगळं सांगितलं, साबणाच्या जाहिरातीपर्यंत.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "मग स्कोअर कळला?"

"रेडिओवर."

"हं," ते म्हणाले. "उघड."

"काय?"

"पेटी उघड."

मी कधीच उघडली नव्हती. दुसऱ्या वर्षापर्यंत आम्ही कॉम्प्युटरच्या आकृत्याच काढत होतो. अब्बांनी टाइपरायटरचा स्क्रूड्रायव्हर आणला, ब्रश आणला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. धूळ झाडता झाडता थांबले. "ही पट्टी एका बाजूने वर आली आहे. ती तशीच असते का?"

ती मेमरीची पट्टी होती. धक्क्यांनी खाचेतून निघाली होती. अब्बांनी अंगठ्याने दाबली. टक् आवाज झाला. बटण दाबलं. एकच छोटी बीप, आणि पडदा उजळला.

टाइपरायटरसारख्या कळा असलेला मराठी फाँट मी घालून आणला होता. अब्बा बसले आणि पडद्याकडे न बघता सुटले. "मी खाली सही करणार" पासून अर्धं पान दोन मिनिटांत. पहिली ओळ संपली तेव्हा डावा हात सवयीने टाइपरायटरचा गाडा ढकलायला गेला आणि अम्मीच्या चहाचा कप भिंतीवर आपटला. एक अक्षर चुकलं, मी खोडायची कळ दाखवली. चूक नाहीशी झाली, डागसुद्धा राहिला नाही. अब्बांनी त्या रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. "खाडाखोडच दिसत नाही. मग उलटतपासणीत विचारायचं काय?"

आणि पुढे म्हणाले, "बरं. कागद कुठून बाहेर येतो?"

मी प्रिंटर आणलाच नव्हता. माझ्या डोक्यातही आला नव्हता. अब्बा हसले. मी त्यांना तसं, चष्मा काढून डोळे पुसत, हसताना कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी परत निघणार होतो. अब्बा पहाटेच उठून काहीतरी टाइप करत होते. मग फ्लॉपी खिशात घालून बाहेर पडले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो रस्ता ओलांडून समोरच्या गाळ्यात गेले. मॅडमनी प्रिंट काढून दिली, पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "काका, एकही चूक नाही. घरून आमची पानं टाइप करून द्याल?" त्या पावसाळ्यापासून अब्बा निळ्या छपराखाली बसले नाहीत. अजूनही ते घरून त्यांचंच काम करतात. आता मेलवर पाठवतात, आणि पाठवल्यावर पोचलं का ते फोन करून विचारतात.

पण ते पुढचं. त्या सोमवारी मी बॅग भरत होतो तेव्हा अब्बांनी ते पान माझ्या हातात दिलं. माझ्या प्राचार्यांच्या नावे अर्ज होता: "माझा मुलगा इम्तियाज याची घरी यंत्र बसविण्याच्या कामी नितांत आवश्यकता असल्याने त्यास दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती." खाली सही.

यंत्र तर बसलं होतं. अब्बांनी मला "रहा" असं कधी म्हटलं नव्हतं.

मी बॅग रिकामी केली. मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत गेलो. अर्ज कॉलेजात दिलाच नाही, दोन दिवसांची गैरहजेरी लागली ती लागली. कागद अजून माझ्याकडे आहे.