रिकाम्या मोटरचा करंट

मोटर दुरुस्तीच्या त्या कारखान्यात अकरा माणसं होती आणि त्यातल्या दहा जणांना कोसाइनकाकांच्या तावडीतून निसटायचं कसं, हे नीट ठाऊक होतं. अकरावे खुद्द काका. त्यांना निसटता येत नव्हतं, म्हणून ते अठ्ठावीस वर्षं शेवटच्या शेडमध्ये, टेस्टिंगच्या टेबलाशी, स्वतःच्याच संगतीत बसून होते.

त्यांना हे नाव पडलं ते एका बिचाऱ्या पाहुण्यामुळे. तो संडास कुठे आहे हे विचारायला आत डोकावला आणि काकांनी त्याला पॉवर फॅक्टर, म्हणजे आलेल्या विजेतली कामाची किती, हे समजावून सांगितलं. चाळीस मिनिटं. त्यात कोसाइन हा शब्द साठेक वेळा आला. पाहुण्याचा चेहरा पिळवटत चालला तसतसा काकांना हुरूप येत गेला. विषय माणसाच्या आतपर्यंत पोचतोय, असा त्यांचा समज झाला होता.

विषय तसा अवघड नाही. काका तो फार सोपा करून सांगत आणि तिथेच घोटाळा होई, कारण सोपा करायला त्यांना फार वेळ लागे. "मोटर फिरायची तर आधी तिच्या पोटात चुंबकत्व उभं राहायला हवं," ते म्हणत. "त्याला म्हणायचं फ्लक्स. आता हा फ्लक्स उभा करायला जो करंट लागतो, तो काम काडीचं करत नाही. येतो, बसतो, जातो. आमच्या दाजींसारखा. पण तो आला नाही तर घर चालत नाही!"

मग प्रश्न उरतो, द्यायचा किती? जास्त दिला तर मोटर घुमते, तापते, आतल्या आत करपते. कमी दिला तर ओझं आलं की तिला धाप लागते. ओझं नसलेल्या मोटरला तर फारच जपावं लागतं, कारण ती ओढते तो जवळजवळ सगळाच करंट बिनकामाचा असतो. हल्ली मोटरला ड्राइव्ह नावाची पेटी जोडतात, तिच्यात हे सगळं कमीजास्त करता येतं. काका पेटीवरचा आकडा एकेक पायरी खाली आणत आणि अँपिअरच्या काट्याकडे बघत राहत. काटा उतरत जाई, उतरत जाई आणि एका जागी पोचला की पुन्हा चढायला लागे. काका एक पायरी मागे येत आणि म्हणत, "तळ सापडला." ऐकायला कोणी नसे. मोटर असे, पण ती फिरण्यात गर्क.

घरीही फारशी वेगळी परिस्थिती नव्हती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लग्न राहून गेलं होतं, म्हणजे एखादं टपाल टाकायचं राहून जावं तसं. कोणी मुद्दाम टाळलं नव्हतं. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तिचा पलंग हलवला तेव्हा खालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ निघाली. काका त्या चौकोनावर पाय देत नसत, वळसा घालून खिडकीशी जात. बोलणारा आवाज एकच, रविवारी फोनवर ताईचा.

"जेवलास का?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

"गरम होतं."

"अरे, पदार्थ विचारतेय मी, तापमान नाही!"

यावर काका विचार करत. तोवर ताईच्या घरी कोणीतरी तिला हाक मारे.

अशा माणसाच्या टेबलावर चार वर्षांपूर्वी एक जळालेली मोटर आली. साठेक मैलांवरच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून. अशा मोटरला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी सुतळीने बांधलेली असते. कुठून आली, किती हॉर्सपॉवर, संपलं. कोणी त्यावर जास्तीचं अक्षर लिहीत नाही. या चिठ्ठीवर मात्र निळ्या बॉलपेनने, रेघ मारल्यासारख्या सरळ ओळीत लिहिलं होतं: 'ओझं नसतानाही तापत होती. असं का होतं?'

काकांनी ते तीनदा वाचलं. चोवीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी 'का' विचारलं होतं.

मोटर दुरुस्त होऊन गेली ती उत्तर घेऊनच गेली. उत्तर पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला सुरू झालं, कडेकडेने फिरलं आणि सुतळीच्या भोकाभोवती गोल लिहून संपलं. शेवटी मोटरचा ओझ्याविना करंटही टाकला होता. काका तो प्रत्येक चिठ्ठीवर टाकतच. त्यांच्या दृष्टीने ती सही होती.

चार महिन्यांनी त्याच पंपघराची दुसरी मोटर आली. चिठ्ठीवर होतं: 'समजलं. फ्लक्स जास्त ठेवला होता. ड्राइव्ह पण सोबत आहे, तळ काढून द्या. मागच्या झाडावर घारीची दोन पिल्लं आहेत.'

काकांनी तळ काढला आणि लिहिलं: 'पिल्लं उडाली का? करंट किती येतो ते कळवा.'

याचं उत्तर तिसरी मोटर जळाली तेव्हा आलं, म्हणजे आठ महिन्यांनी: 'उडाली. साडेबारा.'

तुम्ही म्हणाल, जगात टपाल आहे, फोन आहे, पंपघराला तर दोन-दोन फोन असतात. काकांनाही हे माहीत होतं. पण फोन करायला कारण लागतं, आणि घारीची पिल्लं हे कारण म्हणून पुढे करायला काकांपेक्षा धीट माणूस लागतो. काका वाट बघत. मोटर आली की चिठ्ठी. मोटर नाही तर चिठ्ठी नाही. पंपघरात मोटर तीनच, पण कधी बेअरिंग जाई, कधी पाणी शिरे, असं करत हळूहळू सात चिठ्ठ्या झाल्या. काकांनी त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आणि बिस्किटं कागदावर काढली, ती मऊ पडली.

पंपावर बाई आहे, हे शोधून काढलं शेजारच्या शेडमधल्या वाइंडरने. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता जगाची उलगडायची, हा त्याचा धंदा. ट्रकवाल्याकडून त्याने पक्की बातमी आणली. बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, एकट्याच पंप चालवतात.

"काय काका," तो ओरडला, "आमच्या तारेवर गुंडाळी कुणाची चाललीय म्हणायची?"

"मूर्ख आहेस," काका म्हणाले. कान मात्र टेस्टिंगच्या लाल दिव्यासारखे पेटले.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी आठवी चिठ्ठी आली: 'ही शेवटची. बाकी दोन्ही तुमच्या हातून गेल्यापासून एकदाही कुरकुरल्या नाहीत. ही दुरुस्त झाली की बिघडायला काही उरणार नाही. आभार.'

काकांनी मोटर सोबत आलेल्या ड्राइव्हसकट टेबलावर चढवली. काटा खाली खाली आला, साडेबारावर तळ सापडला. काका तळाकडे बघत बसले. आपल्या कामाची इतकी स्तुती कोणी केली नव्हती आणि त्या स्तुतीने त्यांचं इतकं नुकसानही कधी झालं नव्हतं. तळावर ठेवली तर ही मोटर दहा वर्षं हूं की चूं करणार नाही. दहा वर्षांनी काका अडुसष्टचे. आणि चार पायऱ्या वर ठेवली, तर पुढच्या उन्हाळ्यात करपून येईल. चिठ्ठीसकट.

त्यांनी चार पायऱ्या वर ठेवली.

सवयीने करंट मोजला. सतरा. आणि सवयीने चिठ्ठीवर लिहिला: सतरा. फ्लक्समध्ये लबाडी करणं काकांना जमलं, पण मोजलेला आकडा खोटा लिहायचा असतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. चोराने चोरीच्या जागी पत्ता ठेवून यावं, तसं झालं. बरं, त्यांना ते कळलंही नाही.

त्यांना कळलं ते वेगळंच. एक धडधाकट मोटर आपण जळायला पाठवली, हे तीन दिवस त्यांच्या डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी त्यांनी मालकांकडे रजा मागितली. मालकांनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग रजा दिली.

बसने अडीच तास. पंपघर गावाबाहेर, नदीला लागून. आत शिरताच आवाज अंगावर आला, तीन पंपांचा. काकांनी दारातूनच कान लावला आणि ते थबकले. तिसरी मोटर घुमत नव्हती. शांत चालली होती.

पॅनेलशी एक उंच बाई उभ्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, हातात नोंदवही.

"मी मोटर दुरुस्तीच्या कारखान्यातून आलो," काका ओरडले. आवाजात ओरडावंच लागे. "त्या मोटरचं जरा... सेटिंग..."

"तुम्हीच होय!" बाई म्हणाल्या. त्यांनी काकांना बाहेर ओट्यावर नेलं आणि दार ओढून घेतलं. "मी तळाला आणलं ते. त्याच दिवशी."

"चूक झाली होती."

"चूक नव्हती," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मऊही नव्हता. "चूक झाली असती तर मोजताना दिसली असती. तुम्ही सतरा लिहिलंत, म्हणजे तुम्हाला दिसलं होतं. बाकी दोघींना साडेबारा आणि हिला सतरा? तुम्ही शिकवलंत म्हणून तर मला कळतं!"

काका नदीकडे बघू लागले.

"भर उन्हाळ्यात जळाली असती ती. खाली सगळं गाव तोंड वासून बसलं असतं, माझ्या नावाने. का केलंत?"

पॉवर फॅक्टर चाळीस मिनिटं सांगणाऱ्या माणसाने हे एका वाक्यात उरकलं. "मोटर आली असती, तर तुमची चिठ्ठी आली असती."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"नसती आली," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मी रिटायर होतेय. लेकीकडे जातेय, लांब आहे ती. माझ्या जागी येणारा चांगला मुलगा आहे, पण तो मोटरला नुसतं हॉर्सपॉवर लिहून पाठवेल."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "तेवढंच लिहायचं असतं."

बाईंनी चहा केला. तो पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर तिघींचाही तळ बघून जा. इथे बसवल्यावर मी पुन्हा काढलाय तो बरोबर आहे का, मला कधी कोणी सांगितलं नाही." मग दोघं आत गेले. आवाजात बोलता येत नव्हतं. बाई पायरी उतरवत, काका काट्याकडे बघून बोटाने खूण करत, थांबा. तीनही वेळा बाई त्यांनी बोट उचलायच्या आधीच थांबल्या.

चारच्या बसला काका निघाले. बाई फाटकापर्यंत आल्या. "सांभाळून जा," म्हणाल्या. काकांनी मान हलवली. पत्ता त्यांनी विचारला नाही आणि बाईंनी दिला नाही. असं काही विचारायचं असतं, हे काकांना बस पहिलं वळण घेऊन गेल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी वाइंडर दारातच टपून बसला होता. "काय काका! काय झालं होतं आमच्या लाडक्या मोटरला?"

"फ्लक्स जास्त होता," काका म्हणाले. "मीच ठेवला होता. मुद्दाम. परत यावी म्हणून."

वाइंडरने तार खाली ठेवली, काकांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मालकांना सांगू नका."

"सांगितलं सकाळीच," काका म्हणाले आणि आत जाऊन टेबलावरच्या कुठल्याशा पिठाच्या गिरणीच्या मोटरची चिठ्ठी पाहू लागले. तिच्यावर फक्त हॉर्सपॉवर लिहिलं होतं. काकांनी ती चालू केली आणि काटा उतरायची वाट बघत उभे राहिले.