सांडलेला आवाज

"मी मास्तरांच्या फ्रीक्वेन्सीवर नव्हतोच! किती वेळा सांगू?"

"तुम्ही नव्हता हो. तुमचा आवाज होता," बायको म्हणाली. भांडी विसळणारी सून थांबली.

जन्मभर मोटारींचं वायंडिंग केलेल्या या माणसाला हौस एकच, वायरलेसची. सेटला स्वतः बांधलेला अँप्लिफायर जोडलेला, आणि मीटरचा काटा लाल पट्ट्याला टेकल्याशिवाय त्याचं मन भरत नसे. अंथरुणाला खिळलेले मास्तर सेटवरून बजावत, "अरे, जोर कमी कर. तुझं बोलणं आजूबाजूच्या सगळ्या फ्रीक्वेन्सींवर सांडतंय, नुसता खरखराट." हा घरात हसे. "पोटात दुखतंय म्हाताऱ्याच्या."

गेल्या आठवड्यात मास्तरांची बहीण औषधं आणायला गेली आणि इकडे त्यांचा श्वास अडकला. हाताशी सेट तेवढा होता. त्यांनी हाक दिली. याच छंदातल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला कुणीतरी बोलतंय एवढंच कळलं. वरच्या खरखराटात कोण आणि काय, ते लागेना. त्या वेळी हा समुद्रापलीकडच्या कुणाला तरी इथलं हवामान सांगत होता. चहा घेऊन बायकोच तर दारात उभी होती.

बहीण परतली तेव्हा मास्तर गेले होते. ती आता भिंतीला टेकून एकच म्हणते, "मी गेलेच नसते तर!"

"थांब, दाखवतोच तुला," बायकोला म्हणत त्याने अँटेना काढून तिच्या जागी चाचणीचा भार जोडला, माईकच्या जागी दोन सूर सोडले आणि लाटा दाखवणारा स्कोप लावला. पडद्यावरच्या लाटांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट होते; जोर जास्त होऊन आवाज सांडत असल्याची ती खूण. मग त्याने जोर निम्म्यावर आणला, ट्रान्झिस्टरचा करंट जरा वाढवून बसवला. माथे गोल झाले.

आता तरी हा काय म्हणतो, म्हणून बायको वाट पाहत राहिली.

"बघ, कसा स्वच्छ झाला! आणि पोचणार जवळजवळ तेवढंच."

"एका दुपारचं काम," ती म्हणाली. " मास्तर वर्षभर पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते."

"झालं ते झालं. कुणाला कळलंय का? मग आपण कशाला तोंड उघडायचं?" त्याने अँटेना जोडली आणि मित्रांना हाक मारायला घेतली.

तिने चपला घातल्या.

"मी मास्तरांच्या बहिणीकडे चाललेय," ती नवऱ्याला आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणाली. "तिला 'तुझी चूक नव्हती' असं सांगणार आहे. मग कुणाची, असं ती विचारेल. तेही सांगणार आहे."