इंजिन नवं, दिवा तसाच

बायको गेल्यावर चौथ्या महिन्यात मी गाडीचं इंजिन जाळलं. केदारखेड्याहून निघताना ती दर वेळी विचारायची, "पाणी बघितलं का गाडीतलं?" आन् मी चिडून बोनट उघडायचो. ती गेली, विचारणारं कोणी राह्यलं न्हाई, मंग कशाला बघतो मी. जालन्याच्या रस्त्यावर बोनटातून वाफ निघाली. तरी दामटली, कारण चहाचं हॉटेल अजून दोन किलोमीटर पुढं होतं. हॉटेलापर्यंत पोचलो, चहा बी पेलो. पण गाडी तिथून दोर बांधून ओढतच गॅरेजात न्यावी लागली.

मिस्त्रीनं इंजिन उतरवून सगळं उघडं केलं. पिस्टन नवे, रिंगा नव्या. तीन आठवडे गाडी तिथंच. पोरगा संभाजीनगरला मास्तर आहे. तो फोनवर म्हणला, "आबा, विकून टाका ते भंगार. तुमचं वय काय, गाडीचं वय काय."

मी म्हणलं, "मंग मलाबी भंगारात घाल, वजनावर जाईन."

त्यानं फोन ठेवला. गाडी का पाहिजे ते त्याला सांगितलं न्हाई. इथं सांगतो. घरात आमची बायको माझ्याशी धड कधी बोललीच न्हाई. चूल, जनावरं, पाहुणे, कापूस, तिला टेकायला वेळ नव्हता. गाडीत बसली की मात्र हात रिकामे. मंग जे तोंड सुरू व्हायचं ते थेट हसनाबादपर्यंत, तिच्या माहेरापर्यंत. माझ्या बहिणींचा उद्धार, माझ्या गाडी चालवण्याचा उद्धार, मधीच एखादी बाभळ दिसली की तिचाबी उद्धार. मी बी सोडायचो न्हाई. ती गेली तर घर फार रिकामं वाटत न्हाई मला, खोटं कशाला बोलू. डावीकडची सीट रिकामी वाटते. एकटा गाडीत असलो की मी अजून तिच्याशी भांडतो. गाडी गेली तर ते भांडण मिटलं. मला ते मिटवायचं न्हाई.

तर इंजिन बसलं, गाडी घरी आली. म्हणलं पूजा करू. दसऱ्याला न्हाईतर काही नवं घेतलं की पूजा हे काम तिचं. मी बाजूला उभा राहून "आटप, जल्दी कर" एवढंच करायचो. आता म्हणलं, गाडीत नवं काय? इंजिन. मंग पूजा कोणाची? इंजिनाची. बोनट उघडलं. इंजिनाला बोटं बुडवून हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला आन् दोन्ही वाट्यांतलं पाणी त्याच्या डोक्यावर सोडलं. देवाच्या कामात कंजुषी केली न्हाई. शेजारीण भिंतीवरून बघत होती. ती म्हणली, "भाऊजी, अगदी मन लावून केली हो." मला बरं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी पिवळा दिवा लागला. स्टेअरिंगच्या पुढं इंजिनाचं चित्र असतं ना, तो. गाडी चढाला हिसके द्यायला लागली.

तसाच गॅरेजात गेल्तो. चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रीला म्हणलं, "तू इंजिन बांधलं का खिचडी शिजवली?"

मिस्त्री बिचारा शांत. "काका, इंजिनाचा आवाज ऐका. घड्याळासारखं चालून राह्यलंय. दिव्याचं कारण वेगळं असंल."

"मंग दिवा काय मला डोळा मारतो का?"

त्यानं बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा गेला. राजूरच्या अलीकडं परत हजर. दुसऱ्या खेपेला म्हणला पेट्रोल खराब असंल. पेट्रोल बदललं. मंग टाकीचं झाकण बदललं. मंग मशीन लावून बघितलं, मशीननं सांगितलं एक सेन्सर बोलत न्हाई. नवा सेन्सर टाकला. आठ दिवस दिवा न्हाई. मी सगळ्या गावाला सांगत सुटलो. नवव्या दिवशी बाजाराला निघालो तर परत पेटला. मी त्याला अशा शिव्या दिल्या की डावीकडच्या सीटवर कोणी असतं तर दार उघडून उतरलं असतं.

शेवटी मी माझा इलाज केला. बायकोच्या डब्यात टिकल्यांचं पाकीट होतं. त्यातली मोठी मरून टिकली काढली आन् दिव्यावर चिकटवली. बराबर बसली. तीन दिवस सुखाचे गेले.

चौथ्या दिवशी पोरगा आला. पानाच्या टपरीपर्यंत गाडी घेऊन गेला आन् तसाच परत आला.

"आबा, हे काय?"

"टिकली."

"आईची?"

"न्हाई, माझी."

तो हसला न्हाई. नखानं टिकली काढली, खाली पिवळा दिवा मजेत जळत होता. म्हणला, "रस्त्यात कुठं बंद पडली म्हंजे? सोबत कोणी न्हाई, फोन तुम्ही घरी विसरता. ते काही न्हाई. पुढच्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. तोवर दिवा असाच राह्यला तर गाडी विकून टाकायची." पोरगा चुकीचं बोलत नव्हता, म्हणून जास्त राग आला.

माझ्याकडं सहा दिवस होते. बुधवारी हसनाबादला एका वायरिंगवाल्याकडं गेलो. चाळिशीचा गडी, गाड्यांच्या वायरीच बघतो. त्यानं नवा सेन्सर बघितलाच न्हाई. सेन्सरला वायर जिथं खोचतात तो प्लास्टिकचा जोड काढला, उन्हात धरला आन् वास घेतला. मंग माझ्याकडं बघितलं.

"चाचा, इसपे नारियल फोडे क्या?"

मी म्हणलं, "पूजा केल्ती."

"इंजिन की?"

"मंग काय, नवं इंजिनच होतं."

तो गडी हसता हसता खाली बसला. त्यानं मला जोड दाखवला. आतल्या पितळेला हिरवा गंज, वरून कुंकवाचा लेप. नारळाचं पाणी आत जाऊन सुकलं होतं. सेन्सर नवा टाकला तरी खोचला त्याच जोडात. "पूजा बाहर से करते चाचा, बोनट बंद करके. तुम्हारे घर में किसी को मालूम नहीं था?"

होतं मालूम. आठवून बघितलं तेव्हा कळलं. ती बंद बोनटावर स्वस्तिक काढायची, चाकाखाली लिंबू ठेवायची, नारळ बाजूच्या दगडावर फोडायची. तीस वर्षं शेजारी उभा होतो मी. बघितलं कधी?

जोड नवा टाकला, मशीन लावून दिवा पुसला. घरी आलो न्हाई, तसाच जालन्याला गेलो. मिस्त्रीसमोर उभा राहून म्हणलं, "खिचडी मीच शिजवल्ती." कशी ते त्याला सांगितलं तर त्यानं गॅरेजातल्या सगळ्यांना बोलावून परत सांगायला लावलं. सांगितलं. माझी चूक होती.

शनिवारपर्यंत दिवा न्हाई. रविवारी पोरगा आला, सोबत त्याच्या शाळेतला एक सर. मी चावी फिरवली. दिवा लागला, इंजिन सुरू झालं, दिवा गेला. तसंच पाहिजे असतं. पोरगा पाच मिनटं दिव्याच्या जागेवर डोळे लावून बसला. दिवा काही आला न्हाई.

"चला, हे बरं झालं," तो सरांना म्हणला. "आता गाडी बिलकुल नीट आहे. घेऊन टाका."

ही गंमत माझ्या ध्यानातच आली नव्हती. दिव्यामुळं गाडी जाणार होती, आता दिवा न्हाई म्हणूनबी जाणार. मी सरांना खुर्ची दिली आन् सगळं खरं सांगितलं. पाण्याविना जाळली, वाफ निघाली तरी चहासाठी पळवली, इंजिनाला नारळाची आंघोळ घातली, दिव्याला टिकली लावली. "आणखी काय काय केलं असंल ते मला आठवत न्हाई. घेता का?"

सर चहा पिऊन एसटीनं गेले.

पोरगा ओसरीवर बसला. म्हणला, "आबा, काय करायचंय तुम्हाला या गाडीचं?"

"तुझ्या आईशी भांडतो मी तिच्यात."

तो हळूच म्हणला, "काय म्हणती ती?"

"तुझाच उद्धार करून राह्यली सध्या."

त्याला हसू आलं आन् त्याच हसण्यात डोळे भरले. मास्तर माणूस, चष्मा पुसायचं निमित्त केलं. चावी माझ्या हातात दिली आन् म्हणला, चला, मामाकडं जाऊन येऊ. पुढचं डावं दार उघडून बसायला निघाला.

"मागं बस," मी म्हणलं.

बसला गुमान. हसनाबादपर्यंत एक शब्द बोलला न्हाई. सवयच आहे त्याला. आम्ही दोघं पुढं भांडायचो तेव्हा लहानपणीबी तो असाच खिडकीतून बाहेर बघत बसायचा.