आमच्या फ्रिजवर आलेली जप्ती

शनिवारी दुपारी बेल वाजली. आई कोथिंबीर निवडत होती म्हणून दार मी उघडलं. बाहेर कोर्टाचे बेलिफ उभे होते, सोबत फायनान्स कंपनीचा माणूस. बेलिफांनी दारावरची पाटी वाचली, हातातला कागद वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे. जप्ती आहे."

पाटी आमच्या घरमालकांची होती; आम्ही त्यांना काका म्हणायचो. डोंबिवलीतल्या त्या घरात आम्ही मायलेकी भाडेकरू. घर काकांच्या मुलीच्या नावावर, पण व्यवहार काका बघायचे. ते स्वतः कळव्याला मुलीकडे राहायला गेलेले. टपाल इथेच येतं, पाटी राहू द्या, असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून राहिली. पुतण्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते, पुतण्या पसार झाला आणि निकाल काकांविरुद्ध लागला, हे सगळं आम्हाला बेलिफांकडून कळलं.

"अहो, यातलं त्यांचं काहीच नाही. आम्ही भाड्याने राहतो," मी म्हटलं.

"असेल. ते कोर्टात सांगा. मला या पत्त्यावरचं सामान लिहायचंय."

त्यांनी फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन लिहिलं. कपडे, अंथरुणं आणि स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत, असं त्यांनीच सांगितलं. फायनान्सवाला मिक्सरकडे बोट दाखवून म्हणाला, "हा लिहा."

"त्यात चटणी होते," आई म्हणाली. "म्हणजे ते भांडंच."

बेलिफांनी जरा विचार करून मिक्सर सोडून दिला.

टेम्पो आणलेला नव्हता. त्यामुळे सामान माझ्याच ताब्यात ठेवलं. आमचाच फ्रिज मला सुस्थितीत मिळाला, मी तो विकणार नाही की हलवणार नाही, अशी सही मी केली. आत दूध ठेवायला हरकत नाही ना, असं आईने विचारलं. बेलिफ म्हणाले, "वापरा. जपून." त्यानंतर शेजारीण बर्फ मागायला आली की आई तिला सांगायची, "नेतेस तर ने, पण फ्रिज सध्या कोर्टाचा आहे."

सोमवारी ठाण्याच्या ऑफिसात रजा टाकून मी कल्याणला वकील गाठला. फ्रिजचं बिल भावाच्या नावावर होतं, त्यानेच तो आईला दिलेला. वकील म्हणाले, "मग फ्रिजपुरती हरकत तुमच्या आईंनी घ्यायची आणि भावाने साक्ष द्यायची. पण खरा साक्षीदार म्हणजे तुमचे काका."

काका फोन उचलत नव्हते. शेवटी मी कळव्याला गेले. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. मला आत बोलवायचंही त्यांना सुचलं नाही.

"नुकसानभरपाई मागायला आलीस ना?"

"नाही काका. त्या घरात तुमचं काही नाही, एवढंच कोर्टात येऊन सांगायचंय."

"ते मला जमेल," काका म्हणाले.

तारखा पडत गेल्या. काकांची साक्ष झाली त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. फायनान्सच्या वकिलांनी विचारलं, "माल वाचवायला तुम्ही भाडेकरूला पुढे केलंय, खरं ना?"

"साहेब, माल असता तर या वयात मुलीच्या हॉलमध्ये झोपलो असतो का?"

"हो की नाही, एवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"नाही."

पुढच्या तारखेला हरकत मंजूर झाली, जप्ती उठली. निकाल ऐकायला काकाही आले होते. बाहेर आल्यावर ते आमच्यापासून दोन हात लांबच उभे राहिले. खटल्यात ते आमच्याविरुद्ध असते तरी त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं नसतं. मला त्यांचा राग होता, तो नेमका तेव्हाच शोधून सापडेना.

"आता तुम्ही घर सोडाल," ते आईला म्हणाले.

खरंतर आम्ही दोन ठिकाणी घरं बघून आलो होतो. मी आईकडे पाहिलं.

"कशाला?" आई म्हणाली. "दुसऱ्या घरमालकाचे पुतणे कसे असतील, काय सांगावं!"

काका हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि आमच्यासाठी रिक्षा थांबवली.

आम्ही अजून तिथेच राहतो. काका हप्त्याने पैसे फेडतायत. पुतण्या काही सापडलेला नाही.