मिटलेले तोंड

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना पांढऱ्या रंगाचंच खायची. भात, दूध, मुरमुरे. भाजीचा वास आला तरी तोंड फिरवायची. अंगणवाडीत दोन महिने तिचं वजन वाढलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात कुपोषणाने मुलं दगावतात; आईला याहून मोठी धास्ती नाही.

म्हसावदच्या घरी एका दुपारी मी तिला मांडीत दाबून धरलं आणि रडत असतानाच भाकरीचा घास तोंडात कोंबला. रडणं एकदम थांबलं. मला वाटलं, गिळला. पण तिचे डोळे विस्फारले होते, ओठ निळे पडत चालले होते.

सासूबाई शेतातून नुकत्याच आल्या होत्या. "काय करी ऱ्हायनी तू? पोर मरी जाई!" म्हणत त्यांनी तिला हिसकावून पालथं धरलं आणि पाठीवर थापा मारल्या. तिसऱ्या की चौथ्या थापेला घास फरशीवर पडला. ती किंचाळली. श्वास परत आला होता.

आम्ही तिला लगेच शहाद्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ होती. पण त्यानंतर ताट दिसलं की ती दोन्ही हात तोंडावर धरायची. भातही नको. आता मला दोन्ही बाजूंनी भीती होती : खाल्लं नाही तर काय, आणि खाल्लं तर काय.

शेवटी अंगणवाडीच्या ताईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही तिच्यासोबत जेवता कधी?"

"नाही. आधी तिला भरवते, मग मी."

"म्हणजे ती फक्त तुमचा घाबरलेला चेहरा बघते. ताट ठेवा, स्वतः जेवा. तिच्याकडे बघू नका."

न बघणं फार अवघड होतं. चार दिवस ती दूध आणि चमचाभर भातावर राहिली. मी स्वतःच्या ताटाकडे बघत घास चावत राहायचे. पाचव्या दिवशी तिने सासूबाईंच्या ताटातल्या वांग्याच्या भरताला बोट लावलं, चाटलं, तोंड वाकडं केलं. दोनेक आठवड्यांनी डाळीत भिजवलेला भाकरीचा तुकडा स्वतः उचलून खाल्ला.

ती गिळेपर्यंत मी श्वास रोखून बसले.